सुईणीची नखे आणि माझी चोपडी

फौजदारीचे कलम कोणते लावायचे यावर ओटीवर वाद चालला होता आणि आत मूल रडत होते. मी पोहोचलो तेव्हा मुलाकडे कुणाचे लक्ष नव्हते. पाटील खांबाला टेकून बसले होते, डोक्यावर लाल पागोटे, आणि हातात एक चोपडी. चोपडी मी लांबूनच ओळखली. माझीच होती.

मी कर्जतच्या दवाखान्यात हॉस्पिटल असिस्टंट आहे. म्हणजे डॉक्टरच्या हाताखालचा डॉक्टर. पण वरचा डॉक्टर जिल्ह्याच्या गावी असतो आणि रोगी इथे असतात, म्हणून सगळे मीच पाहतो. उरलेल्या वेळात मी चोपड्या लिहितो. आमचे एक सुधारक मंडळ आहे, ते त्या छापते आणि बाजाराच्या दिवशी फुकट वाटते. ही चोपडी सुईणींच्या विरुद्ध होती. सातव्या पानावर मी लिहिले होते, “अडाणी सुईणींची वाढलेली नखे कोवळ्या अर्भकांच्या टाळूस कशी फाडतात, हे पाहून कोणाचे हृदय द्रवणार नाही?”

खरे सांगायचे तर मी स्वतः ते कधी पाहिलेले नव्हते. डॉक्टरीच्या शाळेत एका सोबत्याने सांगितले होते. त्यालाही कुणीतरी सांगितले होते.

गाव दहिवलीच्या पुढे, नदी ओलांडून. नाव मुद्दाम लिहीत नाही. मला त्या गावात अजून जावे लागते.

पाटलांनी सातवे पान माझ्यापुढे धरले. “डाक्तर, तुमीच लिवलंय ना? मंग आत जा आनि बघा. माज्या पयल्या नातवाचं डोकं फाडलंय त्या न्हाविणीनं. मी वाघाच्या पंजातनं वाचलेला मानूस, आनि माज्या घरात एक न्हावीण येऊन नखं मारते?”

वाघाची गोष्ट सगळ्या पंचक्रोशीला ठाऊक होती. पाटील पोर असताना वाघाने झेप घातली, डोक्यावर पंजा बसला, तरी पोर वाचले. पागोट्याखाली अजून खूण आहे, असे लोक सांगत. खूण मात्र कुणी पाहिलेली नव्हती.

सुईण चिमाबाई हिला त्यांनी आदल्या दिवशीच चावडीत बसवले होते. पाटील हे पोलीस पाटीलही होते. म्हणजे फिर्यादी तेच, पोलीस तेच आणि मुलाचा आजाही तेच. मामलेदार खालापूरकडे फिरतीवर गेले होते. परत येतील तेव्हा चौकशी होईल, तोवर बाई चावडीत. मूल जगले तर दुखापत, मेले तर खून, असा पाटलांचा हिशेब होता.

बाळंतिणीच्या खोलीत धूर कोंडला होता. मुलाची आई सुंदरा, सोळा-सतरा वर्षांची, बाजेवर बसून होती. मांडीवर मूल. मुलाच्या डोक्यावर केळीच्या कोवळ्या पानाचा एक तुकडा तेल लावून ठेवलेला होता. मी तो उचलला आणि “ही घाण कुणी ठेवली?” असे म्हणून शेगडीत टाकला.

डोक्याच्या अगदी वर, भोवऱ्यापाशी, रुपयाएवढ्या जागेवर कातडी नव्हती. तिच्या जागी कांद्याच्या पापुद्र्यासारखा पातळ, चकाकणारा पडदा होता आणि पडद्याखाली निळसर शीर दिसत होती. मूल रडले की पडदा फुगे. बाकी मूल धडधाकट होते. हातपाय हलवत होते, चोखत होते.

मी कडा पाहिल्या. कडा गोल होत्या, गुळगुळीत, जणू वाटी ठेवून कापलेल्या. भोवती काळेनिळे काही नाही, सूज नाही, ओरखडा नाही. माणसाची नखे अशी गोल कापत नाहीत. हे मला तिथल्या तिथे दिसले होते, आणि तरीही मी बाहेर येऊन रिपोर्टात लिहिले, “डोक्यास जखम.” दुसरा शब्द सुचला नाही. डोळ्यांपुढे मूल होते, पण डोक्यात सातवे पान होते.

पाटलांनी त्या रिपोर्टाची नक्कल करून घेतली आणि चोपडीत घडी करून ठेवली.

आता उपचार. आम्हाला शाळेत शिकवले होते, जखम स्वच्छ ठेवा आणि कोरडी ठेवा. मी बोरिक पावडर भुरभुरली, वर कोरडा लिंट, वर पट्टी. लिंट म्हणजे जखमेवर ठेवायचा मऊ कापडाचा तुकडा. रोज येऊन पट्टी बदलीत असे आणि रोज पावडर वाढवीत असे. खोलीत बाळ-बाळंतिणीला शेकायची शेगडी सकाळ-संध्याकाळ धगधगत होती. दिवस माघातले, वारा कोरडा. पडदा वाळू लागला. तिसऱ्या दिवशी तपकिरी झाला, चौथ्या दिवशी पापडासारखा कडक. मला वाटले, खपली धरते आहे, छान.

पाचव्या दिवशी दुपारी पाटलांचा गडी धावत आला. मी पोहोचलो तर पट्टी लाल झालेली. मूल जोरात रडले तेव्हा वाळलेला पडदा कडेने तडकला होता, आणि त्याखालची ती निळसर शीर झिरपत होती. डोक्याच्या मधोमध, पुढून मागे, कवटीच्या आत एक मोठी शीर असते. मेंदूचे रक्त तिच्यातून परत जाते. ती उघडी पडली तर पाच दिवसांच्या मुलातले रक्त किती वेळात संपेल, हे मी इथे लिहीत नाही, कारण त्या वेळी मी ते मोजत होतो आणि मला पुन्हा मोजायचे नाही.

मी कार्बोलिकच्या पाण्यात हात धुतले, ओल्या लिंटची घडी केली आणि बोटाने हलकेच दाबून बसलो. जोरात दाबता येत नाही, खाली हाडही पुरते झालेले नसते. बोट काढले की झिरपे, ठेवले की थांबे. शेगडीवरचे दूध उतू जाऊन करपले तरी कुणी हलले नाही. शेवटी थांबले.

तेव्हा सुंदरा पहिल्यांदा बोलली. हळूच, पण माझ्याकडे बघून.

“चिमाबायनं पान लावलं व्हतं तवा ओलं व्हतं. तुमी काढलंत तवापासनं वाळलं.”

“ते पान घाणेरडं होतं.”

“असंल. पर तवा रगत नव्हतं आलं.”

मी शेगडी बाहेर काढायला लावली. सासूबाई, म्हणजे पाटलीणबाई, कुरकुरल्या की शेक न दिला तर बाळंतीण वातानं जाईल. मी म्हटले, बाळंतिणीला दुसऱ्या खोलीत शेका, मूल या खोलीत राहील. मग तडक चावडीवर गेलो.

चिमाबाई भिंतीला टेकून वाती वळत होती. पन्नाशीची, काळीसावळी, आडव्या हाडाची बाई. खालापुरापर्यंत तिला बोलावणी येत. मी तिला कधी समोर पाहिलेले नव्हते. तिच्यावर चोपडी लिहिली होती, पण पाहिलेली नव्हती.

“ये रं बाबा,” ती म्हणाली. “तूच का तो कागदवाला? माजी नखं बघाया आलास?”

तिने दोन्ही हात पुढे केले. नखे खरेच वाढलेली होती, आणि त्यांत मळही होता. हे मी आजही मागे घेत नाही.

“नखं मागाहून बघू,” मी म्हणालो. “ते पान का लावलं होतंत, ते सांगा.”

“वाळवलंस ना?” तिने वाती खाली ठेवल्या. “पीठ टाकलंस नि वाळवलंस. तडकलं आसंल.”

“तुम्हाला कुणी सांगितलं?”

“सांगाया कशाला पायजे? साय वाळली की तडकती. तसलं डोकं घेऊन पोर येतं ना, त्याला ओलं ठेवायचं आसतं. खोबरेल कढवायचं, थंड करायचं. केळीची सुरळी अजून उघडली नाय, तिच्यातलं आतलं पान काढायचं, तेल लावून ठेवायचं. चोळायचं नाय, धुरी द्यायची नाय, टाळू भरायची नाय. कातडी कडंकडंनं आपली आपण येती. दोन म्हैने लागत्यात. घाई केली की पोर जातं.”

“तसलं डोकं म्हणजे? तुम्ही याआधी पाहिलंय?”

“मी नाय. माज्या सासूनं बघितलं. तिनं काढलं व्हतं तसलं येक पोर. जगलं. आता म्हातारं झालंय.”

“कोण?”

ती हसली. पुन्हा वाती हातात घेतल्या. “ते मी कशाला सांगू? माज्या धन्याला इचार.”

तिचा धनी म्हणजे गणू न्हावी. गावच्या डोक्यांचा मालक. मी त्याच्या घरी गेलो तेव्हा तो वस्तऱ्याला धार लावत होता. बायको पाच दिवस चावडीत, तरी माणूस शांत. मला आधी रागच आला.

“गणूभाऊ, तुझ्या आईनं असंच डोकं असलेलं एक मूल जगवलं होतं म्हणे. तो माणूस कोण?”

“आमी डोक्याचं डोक्यापाशी ठेवतो, डाक्तर.”

“अरे, तुझी बायको तुरुंगात जाईल!”

“जाईल,” तो म्हणाला, आणि वस्तरा बोटावर तपासला. “पर न्हाव्यानं वस्तऱ्याखालचं तोंडात आनलं ना, तर उद्या गावात येक मानूस मान पुढं करनार नाय. मी नाय बोलनार. तिलाबी ठाऊक हाय मी नाय बोलनार, तवा तुमच्यावानी आदळआपट कराया ती नाय बसली.”

मी उठलो. दारापर्यंत गेलो तेव्हा त्याने विचारले, “बाळाचं डोकं बघाया तुमी कदी येता?”

“सकाळी.”

“सोमवारी सकाळी पाटलाची हजामत हाय. गोठ्यामागं करतो त्यांची, येकट्यांचीच. तवाच या.”

एवढे बोलून तो पुन्हा वस्तऱ्याला धार लावू लागला.

त्या संध्याकाळी मी शाळेतल्या वह्या काढल्या. प्रसूतीच्या वहीत, अगदी शेवटी, प्रोफेसरांनी घाईघाईत सांगितलेला अर्ध्या पानाचा मजकूर सापडला. क्वचित एखाद्या मुलाच्या डोक्याची कातडी गर्भातच तयार होत नाही. जागा बहुधा भोवऱ्यापाशी, कडा गोल व स्वच्छ. सुईण किंवा चिमट्याने इजा झाली असा चुकीचा ग्रह होण्याचा संभव. कधी कधी एकाच घराण्यात पुन्हा पुन्हा आढळते. समासात मी स्वतःच्या अक्षरात लिहिले होते, “परीक्षेस येत नाही.”

दुसऱ्या दिवसापासून पावडर बंद. मी खोबरेल माझ्यापुढे उकळवले, थंड केले. लिंट उकळला, तेलात भिजवला, जागेवर ठेवला. वर केळीचे आतले पान, उकळत्या पाण्यातून काढलेले, म्हणजे लिंट वाळत नाही आणि काढताना चिकटत नाही. पान चिमाबाईचे आणि उकळणे माझे. तडकलेली कड मऊ झाली. रक्त पुन्हा आले नाही. पण पू झाला तर तो थेट मेंदूच्या आवरणाकडे जाईल, ही भीती होती, म्हणून रोज वास घेऊन पाहायचे, ताप पाहायचा, मूल चोखते का ते विचारायचे.

सोमवारी मी मुद्दाम लवकर गेलो. पट्टी बदलली आणि हात धुवायला गोठ्यामागच्या डोणीकडे निघालो. गणू पाटलांची हजामत करीत होता. एरवी तो पाटलांना भिंतीकडे पाठ करून सावलीत बसवी, म्हणजे डोक्याचा माथा कुणाला दिसू नये. आज पाट दोन हात पुढे, उन्हात होता. पागोटे खुंटीला.

“पाटील, जरा मान खाली,” गणू म्हणाला. त्याने माझ्याकडे पाहिलेही नाही.

पाटलांनी मान खाली घातली. माथ्यावर, भोवऱ्यापाशी, रुपयाएवढी एक पांढरट जागा होती. गोल. गुळगुळीत. एक केस नाही. शेंडी त्या जागेच्या कडेने उगवून एका कानाकडे झुकलेली. वाघाचा पंजा बसला की चार नखे लागतात, आणि ती ओढली जातात, लांब रेघा होतात. वाघ वाटी ठेवून कापत नाही.

मी हात न धुताच परत फिरलो.

मामलेदार बाराव्या दिवशी आले. चौकशी पाटलांच्याच ओटीवर ठेवली, याबद्दल मला राग आला आणि मी तो बोलून दाखवला. मामलेदार म्हणाले, “असिस्टंट, चावडीत सावली नाही. बसा.” खाली अंगणात चिमाबाई उभी. तिच्या मागे गणू. ओटीवर मामलेदार, त्यांचा कारकून, पाटील आणि मी. दाराआड पाटलीणबाईच्या बांगड्या वाजत होत्या.

कारकुनाने सातवे पान मोठ्याने वाचले. “हे पाहून कोणाचे हृदय द्रवणार नाही” इथपर्यंत. स्वतःचे वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकणे वाईट असते. मग माझा रिपोर्ट वाचला. मामलेदारांनी चष्मा वर केला.

“यात ‘जखम’ लिहिलंय. अक्षर तुमचं?”

“अक्षर माझं, रावसाहेब. शब्द चुकीचा.”

“आणि चोपडी?”

“तीही माझी. तिचं सातवं पानही चुकीचं. मूल तसंच जन्मलं. त्या जागी कातडी झालीच नव्हती. या बाईनं फाडली नाही. उलट तिनं केलेला उपचार मी काढून टाकला, म्हणून मूल पाचव्या दिवशी मरता मरता वाचलं. फौजदारी करायची असेल तर माझ्यावर करा.”

“आता हे उलटं बोलाया लागलं,” पाटील म्हणाले. “कालचं पोर हाय रावसाहेब. त्या न्हाव्यानं फितवलं.”

“तुम्ही आधी एक लिहिता, मग दुसरं म्हणता,” मामलेदार म्हणाले. “तुमच्या म्हणण्याला पुरावा काय?”

“पुरावा या ओटीवर बसलाय. पाटलांनी पागोटं उतरवावं.”

कारकुनाचा टाक थांबला. आमच्याकडे पुरुष चारचौघांत पागोटे उतरवतो तो घरात मयत झाल्यावर. पाटील उठून उभे राहिले.

“माज्या घरात मयत झालंय काय रं?”

“झालं नाही. होता होता राहिलं. म्हणूनच उतरवा.”

“ते वाघाचं हाय!”

“मग दाखवा ना. नखं मोजू. चार निघाली तर मी चोपडी खाऊन दाखवतो.”

पाटलांनी अंगणात पाहिले. “गन्या, तू बोललास!”

“मी?” गणू म्हणाला. “पाटील, मी तोंड उघडलं आसंल तर या वस्तऱ्यानं माजी जीभ काढा. तुमचा वस्तरा माज्याकडंच हाय.”

“तो बोललेला नाही,” मी म्हणालो. “सोमवारी ऊन होतं आणि मला डोळे आहेत.”

मामलेदारांना पाटलांचे पागोटे उतरवायची आज्ञा करायची नव्हती, हे त्यांच्या तोंडावर दिसत होते. फिरतीत जेवण पाटलांकडे असते. मी तेही म्हणालो असतो. बहुधा म्हणालोच असतो. पण तेवढ्यात दाराआडच्या बांगड्या थांबल्या.

“अवं,” पाटलीणबाई आतून म्हणाल्या, “उतरवा आता.”

“तू आत ऱ्हा!”

“आतच हाय. आतूनच बोलते. सासूबाय मरताना मला सांगून गेल्या. तुमी जलमलात तवाच ते व्हतं. वाघ मागनं आला. लोकं इचारायची, पोराचं डोकं असं का, तवा सासऱ्यांनी वाघ सांगितला. पुढं तुमाला तोच आवडला. चाळीस वर्सं तुमच्या डोक्याला मी तेल लावते. कुटं हाय त्यात वाघ?”

कुणी हसले नाही. गणूसुद्धा नाही. मग पाटलांनी स्वतःच्या हाताने पागोटे उतरवले आणि मांडीवर घेऊन बसले. मी त्यांच्याविरुद्ध पुष्कळ लिहू शकतो, पण त्यांनी ते दुसऱ्याला उतरवू दिले नाही, हेही लिहितो.

पाटलीणबाई मुलाला घेऊन बाहेर आल्या. मी पान आणि लिंट उचलला. उन्हात आजा आणि नातू शेजारी शेजारी, दोघांच्या माथ्यावर एकाच जागी एकाच मापाची खूण. एक सत्तावन्न-अठ्ठावन्न वर्षांची, एक बारा दिवसांची. मामलेदार उठले, बांधाची मोजणी करावी तसे दोघांभोवती फिरले, वाकले, पुन्हा फिरले. मग चिमाबाईकडे वळले.

“बाई, तुमचं काही म्हणणं?”

चिमाबाईने पदर सारखा केला. “माजं काय म्हननं, रावसायब? पाटलाला माज्या सासूनं काढलं, तवा पाटलाच्या बापानं तिला लुगडं दिलं. पाटलाच्या नातवाला मी काढलं, मला चावडी दिली. रीत बदलली आसंल.”

फिर्याद तिथेच निकालात निघाली. पाटलांनी माफी मागितली नाही. दुसऱ्या दिवशी गणूच्या हाती एक लुगडे पाठवले. चिमाबाईने ते अंगणात उलगडून हाताने मापले आणि म्हणाली, “सासूच्यापरीस आखूड हाय.” पण ठेवून घेतले.

मूल जगले. कातडी कडेकडेने आत सरकत गेली, दिवसाला दिसू नये इतकी हळू. दोन महिने आणि वर काही दिवस लागले. आता त्या जागी पांढरा, गुळगुळीत वण आहे. केस तिथे कधी येणार नाहीत, कारण केसांची मुळे कातडीत असतात आणि तिथे मूळची कातडी कधी नव्हतीच. सुंदराने विचारले, “लोकांनी इचारलं तर काय सांगू?” मी म्हणालो, “आजोबांसारखं आहे, असं सांगा.” ती म्हणाली, “मामंजींना ते नाय आवडनार.” सांगते मात्र तेच.

चौकशी संपल्यावर मी चिमाबाईला घरी पोहोचवायला गेलो होतो तेव्हा तिला म्हटले होते, नखे काढा आणि मूल काढायच्या आधी हात कार्बोलिकने धुवा, बाटली मी देतो. ती उंबऱ्यावर थांबली.

“नखं मी काढते. पान तू काढ.”

सातव्या पानाबद्दल बोलत होती. मी मंडळापुढे ते मांडले. आमचे अध्यक्ष वकील आहेत. म्हणाले, “एका केसवरून तत्त्व सोडायचं नसतं. पान फाडलंत तर विरोधक म्हणतील, बाकीचंही खोटं. सुईणींची नखं वाढलेली असतात की नाही?”

“असतात.”

“त्यांत घाण असते की नाही?”

“असते.”

“मग?”

“मग तेवढंच लिहायचं. टाळू फाडतात हे मी पाहिलं नव्हतं. जे पाहिलं नाही ते लिहून मी एका बाईला बारा दिवस चावडीत बसवलं.”

मंडळाने ठराव केला की पान ठेवावे. मी उरलेल्या सगळ्या चोपड्या घरी आणल्या आणि प्रत्येकीतले सातवे पान हाताने फाडले. मंडळाने मला काढून टाकले आहे, अशी नोटीस आली. तिच्या पाठीवर मी हा लेख लिहायला घेतला, कागद चांगला होता. सातव्याबरोबर पाठचे आठवेही गेले, म्हणून आता सहाव्या पानावरून वाचक थेट नवव्यावर जातो आणि वाक्य मध्येच तुटते. तुटू दे.

नव्या असिस्टंटांनी आणि घरोघरच्या आजीबाईंनी एवढे लक्षात ठेवावे. नवजात मुलाच्या माथ्यावर कातडी नसेल, कडा गोल आणि स्वच्छ असतील, तर ती जखम नव्हे. ती ओली ठेवा, झाका, चोळू नका, शेकू नका, पावडर टाकू नका, टाळू भरू नका. वास आला, ताप आला, रक्त आले तर त्याच घटकेला दवाखाना गाठा. आणि सुईणीवर फिर्याद करण्याआधी घरातल्या पुरुषांना उन्हात बसवून त्यांची पागोटी उतरवा.